पातेल्यामागचा टेबलफॅन

समस्त सुजाण वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, अमेरिकेतल्या पार्सिपनी येथे, आमच्या शेजारच्याच घरात, दर रविवारी सकाळी अकरा वाजता एक पंचाहत्तर वर्षांचे सभ्य गृहस्थ उकळत्या पातेल्यामागे टेबलफॅन लावतात. पंख्याचं तोंड पातेल्याकडे, पातेल्याचा वास जिन्याकडे. वरचा एक्झॉस्ट बंद, आणि चुकून कुणी तो सुरू करू नये म्हणून बटणावर चिकटपट्टी.

हे आमचे अरविंदकाका. एअर कंडिशनिंगचे इंजिनिअर. चाळीस वर्षं इमारतींमधला वास बाहेर काढला. रिटायर झाल्यावर आत सोडायला लागले.

पातेल्यात असतो सदर्न स्ट्यू. दक्षिणेचा म्हणजे मद्रासकडचा नव्हे, जॉर्जियाचा. चवळी, टोमॅटो, मका, भेंडी, धुरावलेल्या मिरचीची पूड आणि कॉलर्ड नावाचा, कोबीच्या नात्यातला रुंद पाला. हा पाला शिजताना जे काही दरवळतं, त्याला सुगंध म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

मी पहिल्यांदा अडकले ती विरजण मागायला गेले तेव्हा.

"बरी आलीस. सातव्या पायरीवर उभी राहा. रीडिंग दे."

"छान वास येतोय, काका."

"छान हे रीडिंग नाही. कशाचा येतोय?"

"मिरचीचा. आणि... ओल्या मोज्यांचा."

"म्हणजे कॉलर्ड पोचला," काका समाधानाने म्हणाले आणि फ्रिजवरच्या कागदावर सातच्या पुढे खूण केली. विरजण द्यायचं विसरले.

मग मी एकटीच नव्हते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकासुद्धा जिन्यात ओळीने उभ्या राहून रीडिंग देऊन गेल्या. वास नववी पायरी चढला, अकरावी चढला. तेराव्या पायरीनंतर शालनकाकूंची खोली. आणि काका दार बंद असतानाच प्रयोग करायचे.

माझं कुतूहल उतू गेलं. गेल्या रविवारी मी विचारलंच, "काका, लोकांना जिन्यात उभं करण्यापेक्षा काकूंनाच विचारा की. त्या वरच असतात."

काकांनी पंखा एकवर आणला.

"तिला वास येत नाही गं. गेल्या वर्षी फ्लू झाला, तेव्हापासून. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित परत. ती कुणाला सांगत नाही. माझ्या हातचं जेवते, छान झालंय म्हणते. सकाळी उदबत्ती लावते आणि नुसती धुराकडे बघत बसते."

मी म्हटलं, "पण मग हाच स्ट्यू का?"

"लग्न करून अटलांटाला आलो, तेव्हा खाली आमची घरमालकीण दर रविवारी हा करायची. सगळा वास वर. शालन नुकती साताऱ्याहून आलेली. म्हणायची, अहो, ती बाई पुन्हा गवत उकळतेय. या देशातली तिची पहिली तक्रार." काका किंचित हसले. "पुन्हा एकदा तक्रार करू दे. बस."

या बोलण्यात पातेल्याकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही. तळाशी चरचरलं, धूर निघाला. मी गॅस बंद करायला धावले, तर काकांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे."

"काका, जळतंय."

"जळू दे. तू अलार्म सांभाळ. तो वाजला तर तिला कानांनी कळेल."

तर वाचकहो, एकावन्न वर्षांची, दोन मुलांची आई असलेली मी खुर्चीवर चढून स्मोक अलार्मखाली टॉवेल फडकावत होते. आणि चवळीचा एक दाणा तळाला लागू न देणारा माणूस, पंखा तीनवर करून, डाव छातीशी धरून जिन्याखाली उभा होता. वर बघत. आमच्या दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुराने, असं मी तरी धरून चालले आहे.

वरचं दार उघडलं. शालनकाकू कठड्याशी आल्या. हातात अर्धवट वाचलेलं मासिक, कपाळाला आठी.

"अहो, लक्ष कुठंय तुमचं? ते गवत करपलं ना."