हवालदारांचा ठोका

हवालदार साळवी टोमॅटो विकत घेण्यापूर्वी त्याचे तुकडे करीत. सुरीने नव्हे, जिभेने. "पो-मो-दो-रो." प्रत्येक तुकड्याला टोपलीच्या काठावर बोटाचा ठोका, आणि 'दो'ला मुठीचा. डोंबिवलीच्या बाजारातली भाजीवाली म्हणे, "घ्याचं तं घ्या, नाय तं वाट सोरा." ते हलत नसत.

महायुद्धात ते पलटणीबरोबर इटलीत गेले होते. तिथून त्यांनी पदक आणले नाही, भाषा आणली. शब्दात जुळी अक्षरे आली की ते त्यांची ताटातूट करीत: "माम्-मा. एक भाऊ या घरात, एक त्या घरात." जोर चुकलेला मात्र त्यांना मुळीच खपत नसे. म्हणत, "पाठीवर थाप मारायची, ती थोबाडीत बसते."

मी तेव्हा वाचनालयाचा चिटणीस होतो. रविवारी सकाळी इटालियन शिकवण्यासाठी त्यांनी आमची खोली मागितली. डोंबिवलीत इटालियन कोणाशी बोलायचे, असे मी भर सभेत विचारले. सभा हसली. ते हसणे मला आवडले होते, हे आज पन्नाशी ओलांडल्यावर कबूल करतो.

"खोली तुमची, तोंड माझं," हवालदार म्हणाले. आणि पुढच्या रविवारपासून वाचनालयाच्या पायरीवर बसून रिकाम्या रस्त्याला शिकवू लागले. आत आम्हांला वर्तमानपत्र वाचवेना.

तिसऱ्या रविवारी मी त्यांना उठवायला बाहेर आलो. त्यांनी एक पत्र माझ्या हाती दिले आणि त्यातला मजकूर तोंडपाठ सांगितला. त्यांचा धाकटा भाऊ धोंडीबा त्याच पलटणीत होता. तो तिकडच्या एका खेड्याबाहेर लढाईत मारला गेला. तिथे त्याच्या नावाचा दगड आहे. ज्या म्हातारीने ताटलीवर लाकडी डाव आपटून हवालदारांना बोलायला शिकवले, ती दर रविवारी त्या दगडापाशी फुले ठेवते आणि त्याला नावाने हाक मारते. पत्राच्या शेवटी तिने ते नाव तोडून लिहिले होते, दोन्-दी-बा, मधल्या अक्षरावर रेघ ओढून. आणि विचारले होते, जोर बरोबर पडतो ना?

"मला आता दिसत नाही फारसं," हवालदार म्हणाले. "उत्तर गेलं नाही, तर तिला वाटेल, इथं त्याचं कोणी उरलं नाही. दुसरा लिहिणारा तयार होईपर्यंत मी पायरी सोडणार नाही."

मी क्षमा मागू लागलो.

"क्षमा नको. बसा."

मी बसलो. फरशीवर बोटे ठेवली आणि म्हणालो, दोन्-दी-बा. 'दी'वरचा ठोका हलका पडला. त्यांनी माझ्या बोटांची मूठ वळवली.

"जोरात," ते म्हणाले. "लांब आहे तो."