डोमाजीच्या मोटारीचा उंबरठा

पोळ्याच्या दिवशी आमच्या गावच्या तोरणाखाली सगळ्यांचे बैल उभे होते आणि बैलांच्या रांगेत डोमाजीची मोटार उभी होती.

बाशिंग बांधलेली मोटार. दिव्यांभोवती गेरूची रिंगणं, टपावर झूल, बाजूच्या आरशाला घुंगरमाळ. आदल्या सांजेला त्यानं तिच्या चाकांच्या आसाला हळद आणि तूप चोळलं होतं. मग बैलाच्या कानात सांगतात तसं इंजिनाजवळ तोंड नेऊन म्हणाला होता, "आज आवतण घे, उद्या जेवाले ये." हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं खरंच पुरणाची पोळी तिच्या नाकाडावर ठेवली. ती कावळ्यानं नेली. डोमाजी हात जोडून म्हणाला, "पोचली."

मी जातीचा वाढई, म्हणजे सुतार. शाळा तिसरीपर्यंत, तीही मास्तर चांगला होता म्हणून. पण सिंदेवाहीच्या या बाजूला माझ्या हातची चौकट नाही असं घर मला दाखवा. मी मापानं बोलणारा माणूस आहे, फुगवून सांगायची मला सवय नाही. तरी या मोटारीपायी माझं तोंड इतक्या वेळा उघडं राहिलं, की त्या वर्षी माझ्या पोटात धानापेक्षा माशाच जास्त गेल्या असतील.

डोमाजी माझा शेजारी. जन्मभर भाताच्या गिरणीवर बैलबंडीनं धान वाहिलं. घरी कधी सायकल आली नाही. कोणी म्हटलं घे, तर म्हणायचा, "सायकलले जीव नाई. ज्याले जीव नाई त्यावर भरोसा कसा ठेवाचा?" आणि कोणत्याही वादाचा शेवट त्याच्याकडे एकच असे. "बैल कधी नाई म्हणते का?" पाऊस आला, पाहुणा आला, सरपंच पडला, सगळ्याला हेच उत्तर.

असा माणूस एक दिवस मोटार घेऊन आला. नुसती मोटार नव्हे, घरमोटार. गिरणीच्या मागं बोरीबाभळीत ती कितीक वर्षं सडत होती. सर्वेवाला कोणी साहेब तिच्यात राहत फिरायचा म्हणे. इंजिन बसलं, तसा तोही ती टाकून गेला. त्यात पलंग होता, चुलीचा ओटा होता, कपाट होतं, आणि गिरणीवाल्याची शेळी त्यात दोन वेळा व्यालेली होती. डोमाजीनं मोटारीला आपले बैल जुंपले आणि भर बाजाराच्या दिवशी गावातून ओढत आणली. दाराशी सोडली. मग तेच बैल गिरणीवाल्याला देऊन आला. मोटारीच्या बदल्यात बैल! ज्यांनी घरी आणली तेच तिच्यापायी गेले.

मी दातवण करत होतो. काडी तोंडातून पडली.

"डोमाजी, डोकं ठिकाणावर आहे का गा? हे कायले आणली?"

"राहाले."

"कुठी?"

"मंदाच्या दारात. यंदाची दिवाळी तिथीच."

मंदा त्याची एकुलती एक लेक, तिकडे कुरखेड्याला दिलेली. लग्नानंतर काही दिवसांतच तिच्या सासूला लकवा मारला. तेव्हापासून म्हातारी खाटेवर, आणि मंदा त्या खाटेच्या पायाशी. जावई शेतात. घरात दुसरं माणूस नाही. म्हणून मंदा माहेरी येऊ शकत नव्हती, ना दिवाळीला ना अखाडीला.

आणि डोमाजी तिच्याकडे राहू शकत नव्हता. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, ही आमच्याकडची जुनी रीत. आता कोणी पाळत नाही. मी स्वतः लेकीकडे मटण खाऊन येतो. पण डोमाजीच्या बापानं पाळली, म्हणून डोमाजी पाळणार. सकाळच्या एसटीनं जायचा, घरून नेलेल्या बाटलीतलं पाणी प्यायचा, लेकीच्या ओट्यावर घटकाभर बसून सांजेच्या एसटीनं परत. वच्छलाबाई, त्याची बायको, परतताना सारा रस्ता खिडकीकडे तोंड करून बसायची.

मी एकदा म्हटलं, "पी ना बाप्पा एक घोट. कोण पाहते?"

"मी पाहतो ना," तो म्हणाला.

मोटारीत राहिलं म्हणजे आपल्याच घरात राहिलं, असा त्याचा हिशेब. दिवाळीपर्यंत ती चालती झाली तर दिवाळी लेकीजवळ, नाहीतर पुन्हा बाटली आणि खिडकी.

मग सुरू झाली त्या मोटारीची डागडुजी. नवरा-बायको दोघांनी जन्मात मोटारीला कधी आतून हात लावलेला नव्हता. वच्छलावहिनीनं राख आणि नारळाच्या काथ्यानं ती अशी घासली की जुना रंग निघून आतला पत्रा हसायला लागला. मला बोलावलं, "भाऊजी, पाहून तर जा." मी आत गेलो. कोपऱ्यात एका पडद्याआड पांढरंशुभ्र चिनी मातीचं भांडं, वर झाकण. वहिनी कौतुकानं म्हणाली, "साहेबाची बायको मोठी हुशार असंन. मुंग्याबी जात नाई यात." झाकण उघडलं. आत वाळवलेली मोहाची फुलं भरलेली.

मी चंद्रपूरला एका मोठ्या बंगल्याचं काम केलेलं आहे. ते भांडं काय असतं ते मला माहीत होतं. मी मागं सरता सरता कपाटावर आपटलो.

"वहिनी, त्याच्यात साहेब बसत होता!"

"कायले बसन भांड्यात?"

"सकाळी जायले लागते ना, त्याच्यासाठी!"

वहिनीनं पदर तोंडात कोंबला. डोमाजी कधी चुलीच्या ओट्याकडे पाही, कधी भांड्याकडे. मधलं अंतर हातभर. शेवटी म्हणाला, "साहेब लोकाची मोठी हिंमत बाप्पा." भांडं उखडून अंगणात गेलं. मोहफुलं गाईनं खाल्ली. त्या भांड्यात पुढं आमची काळी कोंबडी अंडी घालायची, आणि मी ती अंडी कधी घेतली नाहीत.

हे पचतं न पचतं तोच दुसरं. मोटारीत खाली रबराचं कापड होतं. वहिनी म्हणाली, पाय चिकटते, घरात जमीन पायजे. दोघांनी रबर फाडून फेकलं, बांधावरची माती टोपल्यांनी आणून आत वीतभर थर घातला, चोपणीनं चोपला आणि वरून शेणानं सारवला. मोटारीत सारवण! ती बाई अंगणात सडा टाकायची तसा मोटारीतही टाकायची. टप गळका होता आणि पाऊस लागून राहिला. काही दिवसांनी रहीम मिस्त्री इंजिन पाहायला आला. त्यानं दार उघडलं आणि तसंच लावलं. मग पुन्हा उघडलं.

"चाचा," तो हळूच म्हणाला, "ये गाडी है के खेत?"

आत धान उगवलं होतं. हिरवंगार, वीतभर. बांधावरच्या मातीत झडलेले दाणे, वरून शेण आणि गळणारं पाणी, दुसरं काय होणार? ओझ्यानं मोटारीच्या स्प्रिंगचे पाटे असे बसले होते की चाक दिसत नव्हतं. वहिनी मात्र उपटू देईना. "लक्षुमी उगवली भाऊजी, कशी उपटाची?" शेवटी ते रोप काढून परसात लावलं तेव्हा कुठं मिस्त्रीला आत पाय ठेवता आला. माती खरवडून सारवणापुरता थर राहू दिला. सगळी काढायला वहिनी काही तयार झाली नाही.

रहीम मिस्त्री चांगला कारागीर. भंगारातल्या जीपचं इंजिन आणून त्यानं तिच्यात बसवलं. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा बंदुकीसारखा बार निघाला, गावातली कुत्री शिवाराबाहेर गेली. आणि डोमाजी? तो धावत मोटारीच्या पुढं गेला, दोन्ही हातांनी तिचं नाकाड धरलं आणि म्हणायला लागला, "हो, हो, हो! भेव नोको, आपलीच माणसं आहेत."

"चाचा, हट जाओ! उसको कान नहीं हैं!"

"तुले कसं मालूम?" डोमाजी म्हणाला. आणि मोटार शांत झाली. डिझेल संपलं होतं, पण हे त्याला कोण सांगणार?

दिवाळी तोंडावर आली. एका सकाळी डोमाजी माझ्या दारात. "वाढई, हत्यारं घे. चौकट बसवाची आहे."

"कुठली?"

"मोटारीले."

"मोटारीले चौकट? बरं. साग आहे माझ्याकडं, नवी करतो."

"नवी नोको. माझ्या घराची काढ."

आता इथं मात्र मला रागच आला. त्याच्या घराची दारची चौकट माझ्या हातची. अस्सल सागाची, माझ्या उमेदीच्या काळात केलेली. भिंत हलेल पण ती हलणार नाही. राहत्या घराची चौकट कोणी काढतो का? मेल्यावरसुद्धा नाही. मी सांगितलं, जमणार नाही. तो म्हणाला, "तू नाई काढशील तं मी काढीन. सब्बल आहे माझ्याजवळ." सब्बल! माझ्या चौकटीला पहारेचा घाव! झक मारून मी हत्यारं घेतली.

मोटारीचं दार बुटकं. चौकट कापावी लागणार. मी खालून माप घेतलं तर नवरा-बायको दोघंही ओरडले.

"वरून काप. खालून बोटभरबी नाई!"

"अरे, खालून सडते लाकूड. कारागीर मी का तू?"

"वरून."

कापली वरून. मग उजव्या बाजूच्या खांबात, गुडघ्याच्या थोडा वर, एक गंजका वाकडा खिळा दिसला. माझ्या कामात वाकडा खिळा! कोणी ठोकला कोण जाणे. मी पकड लावली, तशी वच्छलावहिनी मधे येऊन उभी राहिली.

"भाऊजी, त्याले हात नोका लावू."

"पायजामा फाटन एखाद्याचा!"

"फाटू द्या."

मी चौकट बसवली, खाली सागाचा उंबरठा दिला. उघड्या पडलेल्या घराला डोमाजीनं बांबूची ताटी लावली. जणू घर आता गोठा झालं, आणि मोटार घर.

निघालो. मी पण गेलो. माझी चौकट रस्त्यात ढिली झाली तर नाव माझंच जाणार होतं. मिस्त्री चालवत होता, शेजारी डोमाजी हातात बैल हाकायची पराणी घेऊन. प्रत्येक चढावर तो खाली उतरायचा आणि मागून खांदा लावायचा. मोटार चढत असली तरी. वैनगंगेच्या पुलावर तर त्यानं कमालच केली. म्हणाला, पाणी पाहून बुजन. खाली उतरला आणि पुढं पुढं चालायला लागला, मागं वळून "हो, हो" करत. पुलावर आमच्यामागं ट्रकांची रांग. ड्रायव्हर लोक आमच्या सात पिढ्या काढत होते. मी पलंगाखाली डोकं घातलं. मला माझी इज्जत होती.

दुपार कलता कुरखेड्याला लेकीच्या अंगणात मोटार उभी राहिली. जावई धानाच्या गंजीवरून पाहतच राहिला, त्याच्या हातून पेंढी सुटली. मंदा घरी नव्हती, सासूचं औषध आणायला गेली होती. थोड्या वेळानं आली. खांद्याला कापडी पिशवी, चेहरा ओढलेला. मी तिला लहानपणापासून पाहिलेली, ओळखायला मला वेळ लागला.

"बाबा, हे काय वो?" ती हसली, मग चौकटीकडं पाहून हसायची थांबली.

चपला काढल्या. उंबरठा ओलांडला. ताज्या सारवणावर पाय ठेवला आणि न पाहता उजवीकडे वाकली, गुडघ्याच्या थोडा वर, आणि पिशवी त्या वाकड्या खिळ्याला अडकवली. शाळेतून आलेली पोर दप्तर अडकवते तशी. मग भुईवर बसली, भिंतीला टेकून पाय पसरले आणि म्हणाली,

"आई, भूक लागली वो."

वच्छलावहिनी चूल फुंकायला लागली. तोच घरातून म्हातारीची हाक आली. "मंदा! वो मंदा!" मंदा दचकून उठू लागली. डोमाजीनं बाहेरूनच हात केला, बस. पराणी ओट्याला टेकवली, पाय धुतले आणि लेकीच्या घरात गेला. मी दारात जाऊन पाहिलं. त्यानं म्हातारीच्या डोक्याखाली हात घालून तिला उठवलं आणि तांब्यातलं पाणी घोट घोट पाजलं. स्वतः एक थेंब घेतला नाही.

"मंदा कुठी गेली?" म्हातारीनं विचारलं.

"माहेरी गेली, इहीनबाई."

"माहेरी? मले नाई सांगतलं! कवा येईन?"

"चार रोज राहीन म्हणते," डोमाजी तिची उशी नीट करत म्हणाला. "तवरक मी आहो ना. सांगा, काय पायजे?"

बाहेर अंगणात, दहा पावलांवर, फोडणीचा आवाज झाला.