चालू झाला, पण बंद कोण करणार?

“मेकॅनिक कायले पायजे? इंजिन म्या खोललं, म्याच बसवलं. पहिल्या दणक्यात चालू नाही झालं तं मिशा काढीन,” असं प्रसेनजितनं सकाळीच जाहीर केलं. मिशा म्हणजे ओठावर धूळ बसल्यासारखं काहीतरी होतं, म्हणून त्याच्या बायकोनं, सारिकानं पैज बदलून घेतली.

“मिशा राहू द्या. दुपारपर्यंत ट्रक चालू नाही झाला तं भागवतभाऊ घेऊन जातीन.”

भागवतभाऊ म्हणजे मेहकर रस्त्यावरचे भंगारवाले. ते आधीच अंगणात खुर्ची टाकून बसले होते. तेरवीचा स्वयंपाक चढायच्या आधीच ताट घेऊन बसावं, तसे.

ट्रक प्रसेनजितच्या वारलेल्या वडलांचा. गावातल्या बेबीताईच्या पोरीच्या लग्नातली स्वयंपाकाची मोठी भांडी, म्हणजे गंज आणि पराती जानेफळहून साखरखेर्ड्याला पोचवायच्या होत्या. हे काम हुकलं की ट्रक गेलाच. प्रसेनजितला तो बापासारखा वाटायचा. सारिकाला मात्र अंगण अडवून बसलेल्या सासऱ्यासारखा.

किल्ली फिरली. ट्रक खाकरला, खोकलला आणि गप्प झाला.

“डिझेलच्या लाइनीत हवा धरली असन,” शेजारचे भाऊरावकाका वाळत घातलेल्या बाळाच्या ओल्या दुपट्यांखालून वाकून आले. त्यांनी जन्मात सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं. हवा काढली. डिझेल प्रसेनजितच्या हनुवटीवरून ओघळलं, ट्रक जागचा हलला नाही.

तोवर आळी जमली होती. “फिल्टर पाहून घे बे,” एकजण म्हणाला. फिल्टर बदलला. “बॅटरी बसली.” ट्रॅक्टरची आणून जोडली. नुसती घरघर.

सासूबाई कलाबाई ओट्यावरून म्हणाल्या, “इंजिन खोललं म्हंजे बाळंतपणच झालं न त्याचं. सव्वा महिना उठवू नोका.”

स्वतःच्या बाळंतपणात बाराव्या दिवशीच भाकरी थापायला बसावं लागलेल्या सारिकानं सासूकडे नुसतं पाहिलं. कलाबाई लसूण सोलायला लागल्या.

दुपार झाली. भागवतभाऊंनी टरबूज पारखावं तसं मडगार्ड बोटानं वाजवलं. “लोखंड चांगलं हाय.”

प्रसेनजित कानापर्यंत ग्रीस माखून पायरीवर बसला होता. सारिकाच्या कडेवरच्या लहानग्या मंजूनं हात लांबवून त्याचं काळं नाक धरलं, तरी हसला नाही. सारिकाला पैज मागे घ्यावीशी वाटली. पण बोललेलं बोललं.

“दुपटी तरी काढून घेते,” म्हणत ती केबिनमध्ये चढली.

ट्रक उभा राहिल्यापासून मंजूच्या दुपट्यांची दोरी लिंबाच्या झाडापासून थेट केबिनमध्ये यायची आणि स्टिअरिंगजवळच्या ओढायच्या काळ्या बोंडाला बांधलेली असायची. गाठ सुटली आणि बाहेर ओढलेलं बोंड खट्‌कन आत गेलं. सारिकाचे हात थांबले. सासरे गाडी बंद करताना हेच बोंड ओढायचे. हे ओढलं की डिझेल अडतं आणि इंजिन थांबतं. म्हणजे सकाळपासून अख्खी आळी तिच्या दोरीखालून वाकून वाकून सल्ले देत होती, आणि ट्रकचा गळा त्याच दोरीनं आवळला होता.

ती गरीब गाईसारखं तोंड करून म्हणाली, “अहो, एकडाव अजून किल्ली मारून पाहा न.”

धाड्‌धाड्‌धाड्! भाऊरावकाका धुरात दिसेनासे झाले. मंजूनं टाळ्या पिटल्या. प्रसेनजितचे डोळे भरून आले. “पायलं? हातच तसा हाय माहा.”

ते तोंड पाहून तिला सांगवेना. दोरी गुंडाळून तिनं ओढणीत लपवली. संध्याकाळी सांगू.

तिथंच चुकलं. कारण ट्रक कशानं चालू झाला हेच ठाऊक नसल्यानं, तो बंद करायची प्रसेनजितची हिंमत होईना. साखरखेर्ड्यात गंज उतरले ते धडधडीतच. चहा त्यानं एक पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून प्याला. सारिकानं फोन केला तर मोठ्या अभिमानानं ओरडला, “काहीच आयकू येऊन नाही राह्यलं, इंजिन चालू हाय!” आणि ठेवून दिला. परत आला तो घरी न थांबता गावाला फेऱ्या मारत सुटला. शेवटी डिझेल संपलं आणि ट्रक आपसूक थांबला, मेहकर रस्त्यावर, नेमका भंगाराच्या दुकानासमोर.

सारिका मंजूला घेऊन पोचली तेव्हा भागवतभाऊ खुर्ची बाहेर काढून बसले होते.

“वहिनी, म्या बोलावला नाही. स्वतःच्या पायानं आला.”

केबिनमध्ये प्रसेनजित स्टिअरिंग धरून तसाच बसलेला. सारिकानं मंजूला त्याच्या मांडीवर ठेवलं, ओढणी कमरेला खोचली आणि ट्रकच्या मागे जाऊन उभी राहिली.

“दारी आलेल्याले घरापर्यंत पोचवून देनं लागते, भाऊ. उठा, धक्का मारा.”