पाच मिनिटांची मोटार

भर गंगेत नावेची मोटार बंद पडली तेव्हा बन्सीधरने मोटारीकडे पाहिलंच नाही. त्याने आधी कमलबाईकडे पाहिलं. ती नावेच्या टोकाला पिशवी धरून गप्प बसली होती. बायको गप्प बसली की तिचं सगळं बोलून झालेलं असतं, एवढं त्याला तीस वर्षांत कळलं होतं.

सकाळीच तिनं सुनावलं होतं, "योगीराज भावजींच्या आधी पलीकडं बाजाराला पोचवलं तर ठीक. न्हाईतर ही ब्याद भंगारात, आन् तुमच्या हातात पुन्हा वल्हं!"

चुलतभाऊ योगीराज अजून वल्ह्याचीच नाव चालवी. बन्सीधरला मात्र वल्हं नको होतं. दोन वर्षांपासून उजवा खांदा वर जात नव्हता. हे तो कुणाला सांगत नव्हता, म्हणूनच कुठल्याशा धरणावर गंजत पडलेली ही जुनी टू-स्ट्रोक मोटार त्याने देवासारखी घरी आणली होती. पण पेट्रोलमध्ये मापून ऑइल घातलं तरी ती पाच मिनिटं चाले आणि मरे.

"दाजी, सरका," म्हणत महारुद्र पुढे आला. हा कमलबाईचा धाकटा भाऊ. सोनपेठला त्याचं मोटारसायकलीचं गॅरेज होतं, त्यामुळे जगातली सगळी इंजिनं आपल्याला वचकून असतात असा त्याचा समज होता. त्याने टाकीचं टोपण उघडून आत पाहिलं, मग प्लग काढला आणि शेजारी बसलेल्या, बाजाराला निघालेल्या सरजाबाईच्या पदराला पुसला.

"आरं मेल्या, नवं लुगडं हाय!"

"मावशी, काजळी हुती." त्याने टोपण घट्ट आवळलं, दोरी ओढली. मोटार फटफटली. "बगा दाजी! हाताला गुण लागतो."

गुण पाच मिनिटं टिकला.

"आता ऑइल जास्त झालंय," महारुद्र म्हणाला. पुन्हा टोपण उघडलं, वास घेतला, कॅनमधलं थोडं पेट्रोल ओतलं, टोपण आवळलं. मोटार सुरू. पाच मिनिटं. बंद. तेवढ्यात योगीराजची नाव संथपणे शेजारून गेली.

"वहिनी, या हिकडं! आमची नाव हळू हाय, पर रस्त्यात रुसत न्हाई!"

बन्सीधरचे कान तापले. आता महारुद्रच्या मते नळीत कचरा होता. टाकीत किती उरलंय ते टोपण उघडून पाहिलं आणि नळी तोंडात धरून जोरात ओढली. तोंडभर पेट्रोल आलं. तो बराच वेळ गंगेत थुंकत राहिला.

"मंजे नळीतून पेट्रोल यायलंय," बन्सीधर बारीक आवाजात म्हणाला.

"दाजी, तुमी बोलू नका!"

नळी बसली, टोपण बसलं, मोटार सुरू झाली, आणि योगीराजला जेमतेम गाठतेय तोवर पुन्हा मेली. तेव्हा कमलबाईने पिशवी खाली ठेवली.

"म्हारुद्रा, तू कायबी केलंस तरी आदी टोपण उघडायलास. उघडलं की ती चालू हुती. लावलं की पाच मिंटात मरती. तुझ्या हाताला न्हाई, त्या टोपणाला गुण हाय."

"खरंच की माय," सरजाबाई म्हणाली. "तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतंय का? दुसरं लागतंयच वाऱ्याला."

"मग हिला कामून न्हाई?" कमलबाईने टोपण उलटसुलट केलं. "आवो, मधी ह्ये काळं काय लावलंय?"

बन्सीधर पाण्याकडे पाहू लागला. "डांबर."

"कुणी?"

"मी. बारीक भोक हुतं तितं. वास यायचा. मनलं, पेट्रोल उडून जाईल."

त्याच्या चार पिढ्या नाव चालवत आल्या होत्या. नावाड्याला भोक दिसलं की तो बुजवतो. त्यात विचार करायचा नसतो, नाहीतर तोवर गुडघाभर पाणी होतं. कमलबाईने बांगडीतली पिन काढली आणि उन्हाने मऊ झालेलं डांबर टोचून काढलं. मोटार सुरू झाली ती थांबलीच नाही. योगीराजच्या आधी दोन हात अंतराने त्यांची नाव काठाला लागली.

बाजारकरी जमले. "काय झालं हुतं? कुणी केली दुरुस्त?"

महारुद्रने छाती पुढे काढली. बन्सीधरने मान खाली घातली. कमलबाईने दोघांकडे पाहिलं, पिशवी उचलली.

"ह्यांनीच केली. बिगाड कुठं हाय, त्ये ह्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला म्हाईत असणार?"

लोकांनी बन्सीधरची पाठ थोपटली. उजव्या खांद्यावर थोपटली तरी तो हसत राहिला.

दुसऱ्या दिवशी कमलबाई झाडायला अंगणात आली, तर झाडायला अंगण उरलं नव्हतं. कपाशीवर फवारायचे चार पेट्रोलचे पंप, एक बिनचाकी लुना आणि कुणाचं तरी गंजकं इंजिन रांगेत मांडलेलं होतं. त्यांचे मालक शेजारी उकिडवे बसले होते. एक मोटार भंगारात घालायला निघालेल्या बाईच्या दारात गावभरचं भंगार येऊन पडलं होतं.

"बन्सीधर मामा, कालपासून सुरूच होईना बगा," पहिला म्हणाला.

बन्सीधर गंभीरपणे पंपापाशी बसला. त्याने टोपण काढून उजेडात धरलं. भोक होतं. मग टाकीत डोकावला आणि बराच वेळ डोकावून राहिला. आत थेंबभरही पेट्रोल नव्हतं.

त्याने हळूच टोपण लावलं आणि सुस्कारा टाकला.

"लय नाजूक काम हाय. ठिवून जा, उद्या या."