टोमण्याचं बटण

सामना सुरू व्हायची वेळ झाली तरी संघ भरेना, आणि सायलीचा जीव टांगणीला लागला. मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात तिच्या तिघींच्या संघानं उपांत्य फेरी गाठली होती. पण सोबतच्या दोघी माले गावी एका लग्नाच्या हळदीला गेल्या आणि तिथं रेंज मिळेना. तीन माणसं भरली नाहीत तर संघ थेट बाहेर. म्हणून तिनं भरे गावातल्या आपल्या घरातच सासू-सासऱ्यांची भरती काढली.

"एकानं टँक व्हायचं. म्हणजे पुढं उभं राहून सगळा मार अंगावर घ्यायचा. दुसऱ्यानं हीलर, म्हणजे मागं राहून आपल्या माणसांच्या जखमा भरायच्या. बाण मी मारते."

सासऱ्यांनी, हैबतरावांनी, मिशीवरून हात फिरवला. "ह्यात इचारायचं काय? पैलवान मी. मलमपट्टी हिची."

पहिल्या डावात शत्रू आले आणि पैलवानाला वळसा घालून सायलीवर धावले.

"आबा, लाल बटण दाबा! टोमण्याचं! टोमणा बसला की ते चिडून तुमच्याकडं वळतात."

"छ्या! पैलवान टोमणं मारतो व्हय? दंड थोपटायचं बटण कुटं हाय?"

तोवर सायली घायाळ. "आई, बरं करा मला!"

"करते की," धोंडाबाई म्हणाल्या. "पर आदी सांग, म्होरं जायाला कुनी सांगितलं व्हतं? मगाधरनं बघतीया..."

या घरात तापाची गोळीसुद्धा बोलणी खाल्ल्यावरच मिळे. बोलणी संपली तेव्हा सायली मरून पडली होती. तीन डावांतला एक गेला.

"सायले, त्ये टोमण्याचं बटण मला न्हाई का?"

"नाही आई, ते टँकलाच असतं."

"मंग टँक मी."

"आन मी बायकोच्या मागं लपू?" हैबतराव उसळले.

"लपू नगा. मलम लावा."

दुसऱ्या डावात धोंडाबाईंनी लाल बटण दाबलं, आणि नुसत्या बटणावर भागेना म्हणून तोंडानंही सुरू केलं. "या की रं! तलवार धरलीया का लाटणं?" तिघंही शत्रू त्यांच्यावर तुटून पडले. बाई तसूभर हलल्या नाहीत. बांधाच्या वादात भाऊबंद चालून आले तेव्हाही त्या अशाच उंबऱ्यात उभ्या राहिल्या होत्या, हे सायलीनं लग्नानंतर ऐकलं होतं. आज पाहिलं. तिनं निवांत नेम धरले आणि डाव मारला.

तिसरा डाव ऐन रंगात आला आणि दारात तालमीतला कोंडिबा उभा राहिला.

"पैलवान, पोरं खोळंबलीत..." त्यानं मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं. "ह्ये काय? वहिनी म्होरं आन तुमी मागं?"

सायलीला वाटलं, आता आबा मोबाइल टाकून उठणार, आणि मलमाशिवाय आई दोन घावांत पडणार.

हैबतरावांनी मान वर केली नाही. अंगठा मलमावरच होता. "गप, कोंडिबा. ती म्होरं हाय म्हनून मी जित्ता हाय."

सायलीचा शेवटचा बाण लागला. मोबाइलमध्ये तुताऱ्या वाजल्या.

कोंडिबानं चपला काढल्या आणि शेजारी बसकण मारली.

"त्ये गावाला कवाच ठावं हाय," तो म्हणाला. "तुमाला आज कळलं व्हय?"