दातात धरलेली शिट्टी

भालेराव सरांना कोणाशी बोलायचं असलं, की ते आधी जमिनीवर बसतात.

समोर कोण आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. पाचवीतलं पोर असो, मुख्याध्यापिका देशमुख बाई असोत, नाहीतर मानवतच्या बसस्थानकावरचा कंट्रोलर असो. सर सहा फुटांच्या वर. आधी एक गुडघा वाकतो, मग दुसरा, हाडं वाजतात, आणि एवढा थोरला माणूस बघता बघता दिसेनासा होतो. मग खालून आवाज येतो, "हं. बोला. मी काय म्हणत न्हाई."

कंट्रोलरनं त्या दिवशी खिडकीतून मान बाहेर काढून इकडंतिकडं बघितलं. "कोण बोलायलंय?"

"मी हाव, खाली. गंगाखेडची गाडी कामून आली न्हाई, ते मोकळेपणानं सांगा. मी काय म्हणत न्हाई."

कंट्रोलर घाबरला. आजवर त्याला लोकांनी शिव्या दिल्या होत्या, काच फोडायची धमकी दिली होती. मोकळेपणानं सांगा असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यानं सरांना आत बोलावून चहा पाजला आणि डेपोतल्या साहेबाबद्दल बरंच काही सांगितलं. गाडीचं शेवटपर्यंत कळलं नाही.

सर आमच्या जिल्हा परिषद प्रशालेत क्रीडाशिक्षक आहेत. शाळा मानवतपासून थोडी आत. मी तिथं मराठी शिकवतो आणि सर मला गोंधळात पाडतात.

हे बसणं सुरू झालं ते एका प्रशिक्षणापासून. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रत्येक शाळेतून एक शिक्षक परभणीला पाठवा, असा आदेश आला आणि आमच्याकडून भालेराव सर गेले. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकच अंदाज केला. सरांना पोर्शन संपवायचा नसतो, म्हणून देशमुख बाईंनी त्यांना ढकललं. माझं डोकं फिरलं. माझे वडील परभणीत आयुष्यभर मोर्च्यांची पत्रकं वाटत फिरले आणि मी वाचायला शिकलो तेही त्याच पत्रकांवर. राग आला की माझा हात कागदाकडे जातो. मी लिहिलं, की शाळेला समुपदेशक द्यायचा नाही, वर्गाला पंखा द्यायचा नाही, मुलींच्या स्वच्छतागृहाला दार द्यायचं नाही, आणि एका माणसाला दोन दिवस खुर्चीत बसवून सगळ्या शाळेचं मन त्याच्या गळ्यात बांधायचं, ही फसवणूक आहे. हे मी आजही म्हणतो.

पत्रक वाचून सर माझ्यासमोर स्टाफरूमच्या फरशीवर बसले. म्हणाले, "तू लय चिडलेला हायेस. बोल."

मी शासनावर चिडलो होतो. सरांनी ऐकून घेतल्यावर मात्र कोणावर चिडलो होतो तेच आठवेना.

प्रशिक्षणातलं ज्ञान पुण्याहून निघालं होतं. वाटेत प्रत्येक मुक्कामावर त्यातलं थोडं उतरलं असणार, कारण परभणीहून सरांनी आणलं ते मोजकंच होतं. मुलाच्या उंचीवर या. सल्ला देऊ नका. सरांनी ते कबड्डीच्या नियमांसारखं उचललं. "नियम म्हंजी नियम," असं त्यांचं मत. तो फक्त पोरांसाठी आहे, कंट्रोलरसाठी नाही, हे त्यांना पटवायला कोणी गेलं नाही.

उंचीचा नियम गुडघ्यांनी पाळला. सल्ल्याचा नियम मात्र सरांच्या जिवावर आला. उभा जन्म त्यांनी सल्ले देण्यात घालवला होता. पाठ सरळ ठेव, दूध पी, नाकानं श्वास घे, पोटावर झोपू नको. आता समोर पोरगं रडतंय आणि आपण गप्प बसायचं. यावर त्यांनीच उपाय काढला. गळ्यातली शिट्टी दातात धरायची, म्हणजे तोंड उघडत नाही.

पण श्वास तर घ्यावाच लागतो. सल्ला आतून जोरात आला, की शिट्टी बारीक वाजते. पोरांना ते लगेच समजलं. सातवीतली सना एकदा मधल्या सुट्टीत सरांसमोर बसली होती. तिची मैत्रीण मानवतच्या इंग्रजी शाळेत गेली होती आणि तेव्हापासून सना डबा खात नव्हती. ती म्हणाली, "मला आता कोणाशीच दोस्ती करायची न्हाई." शिट्टी वाजली. सना म्हणाली, "सर, तुमी काही म्हणू नका, माझं व्हायचंय अजून." सरांनी दोन्ही हातांनी माफी मागितली आणि शिट्टी आणखी घट्ट धरली. सनाचं बोलणं संपेपर्यंत घंटा होऊन गेली. दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन सरांच्याच शेजारी बसली, काही न बोलता. सर भाकरी खात होते, शिट्टी खिशात होती. यातून नेमकं काय बरं झालं, मला सांगता येत नाही.

या शिट्टीची दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती अख्ख्या गावाला माहीत आहे. सरांचा मुलगा सुमेध. त्याला पोलीस करायचं सरांनी ठरवलं होतं. तो आठवीत असल्यापासून रोज पहाटे सर त्याच्या उशाशी शिट्टी वाजवायचे. पावसात, थंडीत, परीक्षेच्या दिवशीसुद्धा. भरतीच्या वेळी परभणीच्या मैदानावर सोळाशे मीटरच्या शर्यतीत सुमेध पुढं होता. सर कुंपणाच्या तारेपाशी उभं राहून शिट्टी वाजवत होते. अर्धी शर्यत झाली आणि तो ट्रॅक सोडून चालत चालत गेटाबाहेर गेला. तिथून स्टेशन, तिथून पुणे. तेव्हापासून तो फोन करतो तो आईला. फोन वाजला की सर आपणच उठून अंगणात जातात, म्हणजे मायलेकरांना बोलता येतं. एवढ्या वर्षांत सुमेधनं बापाला काही विचारलं नाही, की काही सांगितलं नाही. सर देशमुख बाईंना एकदाच म्हणाले होते, "त्यानं मला शिव्या घातल्या तरी चालतील. पण मला घालाव्या."

मधल्या काळात सरांनी आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांमधल्या, शिक्षकांना प्रशिक्षण द्यावं असं ठरलं, आणि त्यासाठी आमच्या शाळेचा हॉल वापरायची परवानगी मिळावी म्हणून ते तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात गेले. मी सोबत होतो. आमचे केंद्रप्रमुख कच्छवे साहेब टेबलापलीकडे होते. सर टेबलासमोर खाली बसले. मी जन्मापासून ज्यांना कार्यालयात खाली बसताना पाहिलं, ते सगळे ठिय्या आंदोलनाला बसलेले. माझे पाय आपोआप वाकले आणि सरांच्या शेजारी बसून मी घोषणाही दिली. बाहेर कामासाठी आलेली माणसं, मागणी काय ते न विचारता, आत येऊन बसली. शिपायानं दार लावून घेतलं.

"मागणी काय तुमची?" कच्छवे साहेबांनी उभं राहून विचारलं.

"माझी कायबी न्हाई," सर म्हणाले. "तुमाला कसं वाटायलंय, ते सांगा."

साहेब खुर्चीत बसून म्हणाले, "बीपी वाढलाय, भालेराव." शिट्टी वाजली. हॉल मंजूर झाला. बाहेर आल्यावर लोक मला विचारत होते, की आपण जिंकलो का. मी हो म्हणालो.

प्रशिक्षणाच्या दिवशी केंद्रातले सगळे शिक्षक आमच्या शाळेच्या हॉलमध्ये जमले. माझ्या पिशवीत त्या पत्रकाच्या प्रती होत्या. पहिल्या सत्रानंतर वाटायच्या, असं मी ठरवलेलं. सरांनी शिट्टी वाजवली, सगळ्यांना सतरंजीवर जोडीजोडीनं बसवलं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं पेनाचं टोपण दातात धरून ऐकायचं. कच्छवे साहेब गुडघ्याचं दुखणं सांगून खुर्चीतच राहिले. सर क्षणभर अडले. मग साहेबांच्या जोडीदाराला दुसरी खुर्ची दिली. "उंची सारखी पायजे," ते म्हणाले.

सुरुवातीला नुसता हशा. कोणी टोपण गिळायच्या बेतात आला. एक गुरुजी बोलायचं सोडून झोपले आणि त्यांचा जोडीदार ते इमानदारीनं ऐकत राहिला. पण हळूहळू हॉलमधला आवाज बदलला. वझूरहून आलेल्या एक तरुण बाई आपल्या आईच्या आजारपणाबद्दल बोलत होत्या आणि समोरच्या, एरवी कोणाला तोंड उघडू न देणाऱ्या, बाई टोपण दातात धरून त्यांच्याकडे बघत होत्या. मी पिशवीत हात घातला आणि तसाच ठेवला. पत्रकातला शब्दन् शब्द खरा होता. समोर चाललेलंही खोटं नव्हतं. या दोन्हींचं काय करायचं, हे माझ्या वडिलांच्या एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

मी माझ्या जोडीला बसलेल्या देशमुख बाईंना हळूच म्हणालो, "बाई, तुम्ही सरांना ढकललंत, पण जमलं की त्यांना."

बाईंनी दातातलं टोपण काढलं. "मी कुठं ढकललं? आदेश वाचून दाखवला तसे तेच टेबलापाशी येऊन उभे राहिले. म्हणले, बाई, ऐकायचं कसं, हे शिकवतेत का तिथं? खरंच शिकवतेत का? मग माझं नाव घाला."

तेवढ्यात फोन वाजला. फोन बंद ठेवा म्हणून सरांनीच बजावलं होतं, आणि वाजत होता तो त्यांच्याच खिशात. त्यांनी पडद्यावरचं नाव बघितलं. मग सगळ्यांकडे बघितलं, जणू हा फोन घ्यायचा असतो का ते आम्ही सांगणार होतो. बाई म्हणाल्या, "जावा."

सर बाहेर गेले आणि चष्मा सतरंजीवरच राहिला. मी तो द्यायला मागं गेलो. ते पाण्याच्या टाकीमागे होते, ओल्या जमिनीवर मांडी घालून. समोर कोणी नव्हतं. पुण्यातल्या माणसाला आपण कुठं बसलोय ते दिसत नाही, हे त्यांना माहीत असणारच. तरी ते खाली बसले होते. त्यांचा फोन कानाला लावला तर ऐकू येत नाही, म्हणून ते नेहमी स्पीकरवरच बोलतात. मला सगळं ऐकू आलं.

"आई म्हणायलीय, तुमी आता कोणाला काही म्हणत न्हाईत," सुमेधचा आवाज. "मला खरं वाटंना. म्हणून लावला."

"हौ," सर म्हणाले. "मी काय म्हणत न्हाई. तू बोल." आणि शिट्टी दातात घेतली.

"कंपनीतली नोकरी सोडली मी. एका हॉटेलात कामाला लागलोय, किचनमधी."

शिट्टी वाजली. बरीच मोठ्यानं.

"वाजली," सुमेध म्हणाला.

सरांनी श्वास आत ओढला आणि धरून ठेवला. त्यांची मान लाल झाली.

"त्या दिवशी माझे पाय दुखत नव्हते," सुमेध म्हणाला. "मी पळू शकलो असतो. पण तुमी तारेपाशी उभे होते. मला वाटलं, मी पहिला आलो तरीबी तुमी शिट्टीच वाजवणार."

सरांनी काहीच केलं नाही. हात मांडीवर तसेच. टाकीचा नळ ठिबकत होता. मी चष्मा हातात धरून उभा होतो. सरांनी काहीतरी म्हणावं असं मला वाटत होतं आणि म्हणू नये असंही वाटत होतं.

"बाबा?" पलीकडून आवाज आला. "हायेत का तुमी?"

सरांनी शिट्टी काढली नाही. बशीतला गरम चहा फुंकावा, तेवढीच हवा तिच्यात सोडली. इतका हळू आवाज त्या शिट्टीतून येतो, हे मला माहीत नव्हतं.

सुमेध म्हणाला, "बरं. ऐका मग. खोलीवर आमी तिघं हाव. भाजी मीच करतो."

मी चष्मा टाकीच्या कठड्यावर ठेवला आणि आत गेलो.