नथ्थू आप्पांची फी

सुरतेतल्या डिंडोलीच्या आमच्या सोसायटीत नथ्थू आप्पांकडे व्हिडिओ पाहायला गेलेल्या माणसाला, निघण्यापूर्वी, एखाद्या पशूचा किंवा पक्ष्याचा आवाज काढून दाखवावा लागे. आप्पा याला ‘फी’ म्हणत. फी बुडवून कोणी त्यांच्या उंबऱ्याबाहेर पडल्याचे मला आठवत नाही.

आप्पा मूळचे खानदेशातले, बोली अहिराणी. उभे आयुष्य त्यांनी सुरतेत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काढले आणि निवृत्तीनंतर एक जुना व्हीसीआर व रानावनाच्या, नद्यांच्या, पाखरांच्या कॅसेटी एवढ्या सामग्रीवर मनाचा दवाखाना उघडला. निदान चेहरा पाहून होई. “डोकं तपनं ना? बस. तुले धबधबा!” रागावर हत्तींची आंघोळ, परीक्षेच्या धास्तीवर मासे, जावयाच्या तक्रारीवर बर्फ. मध्येच उठणे वर्ज्य.

एकदा शेजारच्या शांताबाई सुनेशी भांडून तणतणत आल्या. हत्ती पाहून निवल्या. मग फीचा प्रश्न आला.

“आप्पा, या वयात मी हत्ती होऊ?”

“वयनं काय शे त्यामा? मन्हाकडे तोंड करा नि बोला!”

शांताबाईंनी पदर खोचून असा चीत्कार केला की सून लाटणे हातात घेऊनच धावत आली. दोघी हसत घरी गेल्या.

‘मन्हाकडे तोंड करा’ ही अट मात्र कडक होती. पाठमोरी फी आप्पा स्वीकारत नसत. आम्ही तो लहरीपणा समजत होतो.

एका रविवारी, मुख्याध्यापकांशी वाद घालून तापलेले डोके घेऊन मीही दाखल झालो. “गुरुजींले मोर,” आप्पांनी फर्मावले. गिरजामावशींनी, म्हणजे आप्पांच्या पत्नीने, शेजारचे तान्हे बाळ झोपले आहे म्हणून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला होता. पडद्यावर मोर निःशब्द नाचत होता. आप्पा मांडीवर ताल धरून म्हणाले, “ऐका गुरुजी, कसा बोली राहिना!”

मी मावशींकडे पाहिले. त्यांनी ओठांवर बोट ठेवले आणि चहाच्या निमित्ताने मला बाहेरच्या ओट्यावर बोलावले.

“लूमच्या खडखडाटात सगळेच ओठ पाहून बोलतात, म्हणून कोणाला कळलं नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “कान कधीच गेले त्यांचे. त्यातही पाखरं आधी गेली. गावी मळ्यात मोर असायचे, त्यांचा आवाज विसरायला होईल याची फार धास्ती आहे त्यांना. चोचीवरून काही वाचता येत नाही. माणसाच्या ओठांवरून येतं.”

मी आत गेलो. वर्गात शांतता राखणे हेच माझे आजवरचे काम. तरी आप्पांच्या समोर, उजेडाकडे तोंड करून बसलो आणि मोराची केका केली, सावकाश, ओठांची प्रत्येक हालचाल स्पष्ट ठेवून. शेजारचे बाळ जागे होऊन रडू लागले. आप्पांची नजर माझ्या ओठांवर खिळली होती.

“अजून एकदा, गुरुजी.”

मी पुन्हा केली. त्यांचा चेहरा उजळला; ओळख पटली होती.

“हाऊच! आम्हना मळाना मोर हाऊच!”

पुढच्या रविवारी मी टिटवीची तयारी करून गेलो. डोके मुळीच तापलेले नव्हते.